कुलपाला शिव्या देण्याआधी

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्याकडे सगळी तयारी झाली होती. पाट, रांगोळी, निरांजन, झेंडूची फुलं. फक्त ज्यांची पूजा करायची ती हत्यारं कुलपात होती आणि कुलूप उघडेना. किल्ली निम्मी आत जायची आणि अडायची. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत मला लोक कुलूपवाले काका म्हणतात. मी कुलूपवाला नाही, मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ३१ वर्षं मेंटेनन्स फिटर होतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांची अडलेली कुलपं उघडून देता देता हे नाव चिकटलं. आणि सणाच्या दिवशी माझीच हत्यारांची ट्रॉली रुसून बसली.

"दुसरी किल्ली कुठाय?" हिने विचारलं.

"जपून ठेवलीय," मी म्हटलं.

"मग काढा की."

मी विषय बदलला. शेवटी बंद ट्रॉलीचीच पूजा केली. कुलपाला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फूल ठेवलं. ते वाहतानाच माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

जेवण झाल्यावर झोप रद्द करून स्टूल ओढून ट्रॉलीसमोर बसलो. ट्रॉली पत्र्याची, सात खणांची, खाली चार चाकं. वरच्या कोपऱ्यात एकच गोल कुलूप. ते फिरलं की मागची उभी पट्टी सरकते आणि सातही खण एकदम सुटतात. नोकरीत असताना हे कुलूप दिवसातून चार वेळा उघडायचं. निवृत्तीनंतर घरात उघडतं ते कुणाचा नळ गळला किंवा मिक्सर बंद पडला तर. संक्रांतीनंतर बहुधा एकदाही नाही.

या गोल कुलपाच्या पोटात काय असतं ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, कारण बिघडलं की ते सरळ फेकून देतात. आत पितळेच्या चपट्या पत्त्या असतात, नखाहून लहान. प्रत्येक पत्तीच्या मधोमध एक चौकोनी खिडकी आणि बाजूला केसाएवढी बारीक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा या पत्त्या मधल्या गाभ्यातून बाहेर डोकावतात आणि भोवतीच्या नळीतल्या खाचेत अडकतात. बरोबर किल्ली खिडक्यांतून गेली की प्रत्येक पत्ती आपापल्या उंचीला येते, गाभ्याशी सपाट होते आणि गाभा फिरतो. किल्लीच्या एका दात्यात आणि त्याच्या पुढच्या पायरीत फरक असतो जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे एखाद्या पत्तीच्या वाटेत दाण्याएवढा चिकटा साचला तरी सगळा कारभार ठप्प.

किल्ली निम्म्यावर अडते म्हणजे मधली कुठली तरी पत्ती खाली उतरून तिथेच चिकटलीय. इथे जोर लावायचा नाही. जोर लावला की एक तर किल्ली वाकते, नाही तर मोडते, आणि मग दुखणं दुप्पट. मी रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाईन घेतलं, इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलं, किल्लीच्या भोकात दोन-तीन थेंब सोडले आणि डिसमिसच्या मुठीने कुलपाच्या तोंडावर हलके टोले देत बसलो. (बडोद्यात स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात. पुण्याचे पाहुणे दर वेळी हसतात, आणि दर वेळी आम्हीही त्यांना समजावत बसतो.) दहा मिनिटं थांबून किल्ली घातली, काढली, फडक्याला पुसली. पुन्हा घातली, काढली, पुसली.

फडकं लाल झालं.

गंज, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. पण पुढच्या पुसण्याला हात थांबला. या कुलपाची नळी जस्ताच्या ओतकामाची आणि पत्त्या पितळेच्या. जस्त खराब झालं तर पांढरी भुकटी निघते. पितळ कळकलं तर हिरवं दिसतं. लाल गंज फक्त लोखंडाला, आणि एवढ्याशा कुलपात लोखंड असून असून किती असणार? मी सुईने भोकातला एक कण खरवडून काढला आणि बशीत ठेवला. हिने वाकून पाहिलं, आत गेली, लिंबाची फोड घेऊन आली आणि त्यावर पिळली. लाल कण पिवळा झाला.

आमच्याकडचं कुंकू पंढरपूरहून येतं, हळदीत चुना मिसळून केलेलं. हळद चुन्याने लाल होते आणि लिंबाने परत पिवळी. ही गोष्ट लग्नाआधीपासून हिला ठाऊक आहे. मी ३१ वर्षं मशीनं दुरुस्त केली, मला ठाऊक नव्हती.

मग उलगडा झाला. दर खंडेनवमीला ट्रॉलीला कुंकू लावायचं म्हणजे कुलपालाच लावायचं, कारण ट्रॉलीचं तोंड तेच. बोटावरचं निम्मं कुंकू भोकात. आणि मी शहाण्याने संक्रांतीला कुलूप जरा जड लागतंय म्हणून आत शिवणयंत्राचं तेल सोडलं होतं. कुंकू आणि तेलाचा लगदा झाला, पावसाळाभर तो तसाच मुरला आणि पत्त्यांना धरून बसला. कुंकू हिचं, तेल माझं. दोष आम्ही निम्मा निम्मा वाटून घेतला, पण खरं सांगायचं तर तेलाचा जास्त.

कुलूप अडलं की तेल घालायचं ही आपल्याकडे इतकी घट्ट सवय आहे की तिच्याविरुद्ध बोललं तर लोकांना राग येतो. तेल घातल्या दिवशी कुलूप लोण्यासारखं फिरतं, हे खरं. पण हत्यारांची पेटी म्हणजे देवघराची कडी नव्हे. तिच्या आजूबाजूला ग्राइंडरची धूळ उडते, बिडाची भुकटी असते, सिमेंट असतं. तेल ते सगळं ओढून घेतं. व्हॉल्व्ह घासून बसवताना आम्ही जी ग्राइंडिंग पेस्ट वापरायचो, ती तरी वेगळी काय असते? तेल आणि बारीक कडक दाणे. ती कुलपात तयार झाली की पत्त्याही झिजतात आणि किल्लीही.

त्यातून तेल खोबरेल असेल तर बघायलाच नको. मागच्या जानेवारीत शेजारचा मुलगा आला, एसीची कामं करतो. "काका, ताळुं सवारे नथी खूलतुं, बपोरे खूले छे." सकाळी उघडत नाही, दुपारी उघडतं. आठवडाभर हा मुलगा पहिलं काम दुपारी घेत होता. मी कुलपाचा वास घेतला. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि बडोद्यात जानेवारीच्या सकाळी पारा त्याच्या पुष्कळ खाली असतो. कुलपात रोज रात्री मेणबत्ती होत होती आणि दुपारी वितळत होती. त्याच्या आईने बाटली पुढे केली होती, आणि आईने दिलेल्या तेलावर संशय कोण घेणार?

तेल नाही तर काय? ग्राफाइट. हार्डवेअरच्या दुकानात भुकटी मिळते. नाहीच मिळाली तर चित्रकलेची ६बी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर दोन्ही बाजूंनी गच्च घासायची, किल्ली आत-बाहेर करायची, चार-पाच वेळा. कोरडं राहतं, धूळ धरत नाही. फक्त आधीचं तेल पूर्ण काढून मगच. तेलात ग्राफाइट पडलं तर काळा चिखल होतो, तो कुंकवाच्या लगद्याचाच थोरला भाऊ.

पण हे सगळं कुलपाच्या आतलं झालं, आणि माझा अनुभव असा की दहातल्या सहा-सात तक्रारींत कुलपाच्या आत काहीच झालेलं नसतं.

आमच्या खात्यात एक वेल्डर होता. त्याच्या पेटीचं कुलूप वर्षात तिसऱ्यांदा बदललं तेव्हा स्टोअरवाल्याने हात जोडले आणि पेटी माझ्याकडे आली. मी झाकण उघडं ठेवलं आणि किल्ली फिरवली. मऊ फिरली. झाकण लावून फिरवली. फिरेना. संपलं, कुलूप निर्दोष. नवी दोन कुलपंही निर्दोषच होती, ती फुकट भंगारात गेली. दोष झाकणाचा होता, आणि झाकण का वाकलं तर जेवणाच्या सुट्टीत त्या पेटीवर दोन माणसं बसायची. एक वेल्डर स्वतः आणि दुसरा, सांगायला लाज वाटते, मी.

झाकण उघडं असताना किल्ली फिरवून बघणं, एवढी एक गोष्ट लोकांनी केली तर माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पेट्या येणारच नाहीत. झाकण बंद अवस्थेतच अडलं असेल तर एका हाताने झाकण दाबून धरायचं आणि दुसऱ्याने किल्ली फिरवायची. मग झाकण वर ओढून. मग डाव्या-उजव्या कोपऱ्यावर गुडघा देऊन. यातल्या एखाद्या अवस्थेत किल्ली फिरली तर समजायचं की पेटी पिळवटलीय आणि कुलपाची जीभ कुठे तरी दाबली जातेय. लोंबत्या कुलपाचंही तेच. कोयंडा आणि कडीपट्टी एकमेकांसमोर येत नसली की कुलपाच्या कडीवर ताण बसतो आणि आतला खटका सुटत नाही. झाकण दाबा, ताण जातो, किल्ली फिरते.

जीभ नेमकी कुठे घासतेय ते शोधायला फिटर लोक ब्लू लावतात, निळा रंग, मशीनचे दोन भाग कुठे टेकतात ते बघण्याचा. घरी तो नसतो. जिभेच्या कडेला तेलात कालवलेलं कुंकू बोटाने लावा (हो, तेच), झाकण बंद करा, किल्ली जमेल तेवढी फिरवा, उघडा. समोरच्या पट्टीवर जिथे लाल ठसा उमटला तिथे अडतंय. आता कानस घेऊन जीभ घासायचा मोह होतो. घासू नका. जीभ बारीक झाली की पेटी बंद असतानाही खडखडते आणि डिसमिस घालून उचकटता येते. आधी बिजागरी बघा. तिची पिन झिजली असेल तर झाकण एका बाजूला उतरतं. कडीपट्टीचे स्क्रू सैल करून ती एखादा मिलिमीटर सरकवता येते का बघा. पत्रा वाकला असेल तर खाली सपाट लाकूड धरून लाकडी हातोडीने हळूहळू सरळ करा. वेल्डरची पेटी पाऊण तासात नीट झाली. बसायला आम्ही पुढे रिकामा ऑइलचा डबा घेतला.

चाकांच्या ट्रॉलीत हाच पिळवटा जमिनीमुळे येतो. सगळे खण पाने-सॉकेटांनी भरलेले असले की ट्रॉली भलतीच जड होते, आणि चारांपैकी एक चाक फरशीच्या खड्ड्यात गेलं तर सगळा सांगाडा तिरपा होतो. मागची पट्टी तिच्या खोबणीत चावते. आपण कुलपाला शिव्या देतो. चाकाखाली दुमडलेला पुठ्ठा सरकवला की कुलूप गपगुमान फिरतं. कधी कधी तेवढंही नसतं, खणाच्या मागे एखादा पाना पडलेला असतो, खण शेवटचं बोटभर आत जात नाही, म्हणून पट्टी वर येत नाही.

किल्ली गरगर फिरते पण पेटी उघडत नाही, हा प्रकार स्कूटरवर पेटी नेणाऱ्यांचा. कुलपाच्या मागच्या टोकाला जीभ एका छोट्या बोल्टने बसवलेली असते. रोजच्या हादऱ्यांनी तो ढिला होतो आणि एक दिवस गळून पेटीत पडतो. पेटी उघडी असतानाच तो महिन्याकाठी चाचपून बघावा. स्प्रिंग वॉशर टाकावा, किंवा आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. नेलपॉलिशही चालतं. मात्र विचारून घ्या.

भाच्याची गोष्ट सांगायलाच हवी. तो समा भागात राहतो, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग करतो. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. रस्त्यांवर मगरी आल्या ते फोटो सगळ्यांनी पाहिले. भाच्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत तीन पेट्या दोन दिवस पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल? कुलपांत तेल ओतलं.

"मामा, जाम झालीत तिन्ही," त्याचा फोन.

पुराच्या पाण्यात चिकणमाती असते, पिठाहून बारीक. ती ओली असेपर्यंत पाण्याने निघते. वाळली, किंवा तिच्यावर तेल पडलं, की तिचं पुट्टीसारखं होतं. म्हणून पुरातून निघालेल्या कुलपाला पहिल्यांदा पाणीच लागतं, स्वच्छ पाणी, भरपूर. पेट्या बाथरूममध्ये आडव्या केल्या, नळाला पातळ पाइप लावून भोकात धार सोडली, किल्ली जाईल तेवढी आत-बाहेर केली. धार गढूळची स्वच्छ होईपर्यंत एकेका कुलपाला अर्धा तास लागला. तेल ओतल्यामुळे आधी टर्पेंटाईनचा एक फेरा करावा लागला, तो वेळ वाया. धुऊन झाल्यावर डब्ल्यूडी-४० चा फवारा. त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हुसकावणं. १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात ते मिश्रण जमलं म्हणून ४०. पाणी हटवायला उत्तम, पण तेच कायमचं वंगण समजून बसू नये. मग हेअर ड्रायर, दोन दिवस ऊन, आणि पूर्ण कोरडं झाल्यावर ग्राफाइट. दोन कुलपं वाचली. तिसऱ्याच्या तोंडावर जस्ताची पांढरी भुकटी फुलून आली होती आणि किल्ली काढली की पत्त्या परत येत नव्हत्या, म्हणजे स्प्रिंगा गेल्या. तिथे हट्ट सोडला.

किल्लीबद्दल थोडंसं. न्यायमंदिराजवळच्या फुटपाथवर बसणारा किल्लीवाला माझ्या ओळखीचा आहे. कुणी झिजकी किल्ली पुढे केली की तो हात मागे घेतो. "ओरिजिनल लावो. नकलनी नकल नहीं चाले." त्याचं खरं आहे. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली किल्ली झिजलेलीच निघते, वर मशीनची स्वतःची चूक मिळते, आणि तिसऱ्या पिढीला कुलूप ओळख दाखवत नाही. म्हणून नवी पेटी आणली की दोनपैकी एक किल्ली वापरायचीच नाही, नक्कल काढायला राखून ठेवायची. कुलपाच्या तोंडावर बारीक आकडे असतील तर ते डायरीत उतरवून घ्यावेत. त्या आकड्यांवरून किल्ली बनवता येते, आणि ती चोरालाही बनवता येते, म्हणून उतरवल्यावर कानशीने पुसून टाकावेत.

किल्ली आत मोडलीच तर फेविक्विक लावलेली काडी घालायचा उपाय कुणी सुचवेल. त्या माणसाचा चहा बंद करा. गोंद किल्लीला लागण्याआधी पत्त्यांना लागतो. सुताराकडच्या नक्षीच्या करवतीचं बारीक पातं घ्यायचं, दाते बाहेरच्या बाजूला येतील असं, किल्लीच्या कडेने आत सरकवायचं, किंचित वळवून दाते तुकड्यात रुतवायचे आणि ओढायचं. पण त्याआधी भोक किल्ली घालताना असतं त्याच स्थितीत आहे ना, ते बघायचं. अर्धवट फिरलेल्या कुलपातून तुकडा कधीच निघत नाही. आधी डिसमिसच्या टोकाने गाभा सरळ करून घ्यायचा.

तर खंडेनवमी. चार वाजता आठवं की नववं फडकं स्वच्छ निघालं आणि किल्ली पूर्ण आत गेली. फिरवली. मागे पट्टी खट्ट झाली. मी हिला हाक मारली, हिने निरांजन पुन्हा लावलं. खण एकेक करून उघडले. पाने, पक्कड, कानशी, वडिलांचा तीनशे ग्रॅमचा जुना हातोडा. यंदा कुंकू हँडलला, आणि किल्लीच्या भोकावर सेलोटेपचा तुकडा.

तिसऱ्या खणात, मायक्रोमीटरच्या डबीखाली, प्लॅस्टिकच्या पुडीत घालून, दोऱ्याने बांधून, जपून ठेवलेली दुसरी किल्ली होती.

ही काही बोलली नाही. तिच्यावरही दोन अक्षता टाकल्या आणि चहा टाकायला आत गेली.